वंशावळ पणजोबांपाशीच तुटते? बेळगाव भागातल्या घरांनी काय काय तपासायचं

आमच्या कुलमंडळात नवीन सभासदांचे फॉर्म तपासायचं काम माझ्याकडे आहे. अकरा वर्षं झाली आणि जेवढे फॉर्म अडकले त्यातले बहुतेक एकाच जागी अडकले. स्वतः, वडील, आजोबा इथपर्यंत गाडी नीट येते आणि पणजोबांवर आली की बंद पडते. मग फोन येतो, ताई आमचे कागदच नाहीत, वाळवीनं खाल्ले, पुरात गेले, कचेरीत मिळत नाहीत. कधीकधी ते खरंही असतं. पण माझा अनुभव असा की कागद असतो, फक्त आपला माणूस त्यात दुसऱ्याच नावाखाली बसलेला असतो नाहीतर आपण चुकीच्या संस्थानाच्या दारात उभे असतो. म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतेय, प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा हे वाचून क्रमानं करा. क्रम महत्त्वाचा आहे, आधी फुकटचं आणि घरातलं, मग पैसे आणि हेलपाटे.

एक गोष्ट आधी. कुलमंडळ असो की अमेरिकेतल्या तसल्या संस्था (डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन ही १८९० ची, मेफ्लॉवर जहाजातून १६२० ला उतरलेल्यांच्या वंशजांची १८९७ ची), सगळीकडे नियम एकच, मूळ पुरुष किती मोठा ते कुणी विचारत नाही, मधली एकेक कडी विचारतात. याचा मुलगा तो, हे कशावरून? तेवढंच. म्हणून कुणीतरी सरदार पकडून वरून खाली येऊ नका. खालून वर चढा, एक पायरी पक्की झाली की मगच पुढची.

तुमच्याकडे यातलं काय दिसतंय बघा

- उताऱ्यावर किंवा जुन्या नोंदीवर पणजोबांच्या नावापुढे असं एक नाव आहे जे घरात कुणी कधी ऐकलेलं नाही.
- आजोबा तिघे भाऊ होते हे सगळ्यांना माहिती, पण जमिनीवर एकाचंच नाव, बाकीचे दोघे जसे काही जन्मलेच नाहीत.
- आडनाव दोन आहेत. शाळेत एक, जमिनीला दुसरं, आणि भावकीतले तिसरंच लावतात.
- तीन नावांत दीडशे वर्षं बसवलीयेत.
- एकाच माणसाला दोन बाप दिसतायत.
- कचेरीत सांगतात की तुमच्या गावचं जुनं काही आमच्याकडे नाहीच.
- तुमचं कुलदैवत एक आणि ज्यांना भावकी म्हणता त्यांचं वेगळं.

यातलं कुठलं लक्षण आहे त्यावर कुठली तपासणी कामाची ते ठरतं. तरी वरच्या वरच्या चार तपासण्या सगळ्यांनीच करा, अर्धा दिवस लागतो आणि रुपया खर्च होत नाही.

पहिलं, एक कागद घ्या आणि नक्की कुठे तुटलंय ते लिहा

हे सांगितलं की लोकांना वाटतं वेळ घालवतेय. पण "आमची वंशावळ तुटलीये" आणि "आजोबांचे वडील हेच आहेत याचा कागद नाही" यात फार फरक आहे. प्रत्येक नावासमोर लिहा, जन्म साधारण कधी, गाव कुठलं, हे कुणी सांगितलं किंवा कुठल्या कागदावर आहे. मग हिशेब करा. पिढीला साधारण २५ वर्षं धरतात. वडील १९५० चे असतील तर पणजोबा १९०० च्या आसपासचे हवेत, आणि तुमच्या कागदावर पणजोबा १८७५ चे निघत असतील तर मध्ये एक माणूस गळालाय.

आणि तो का गळतो तेही सांगते. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत. रामाचा सिदू, सिदूचा रामा, त्या रामाचा परत सिदू. सांगणारा दोन रामांचा एक रामा करून टाकतो आणि दोन पिढ्या गायब. नावं अशी आलटून पालटून येत असतील तर हा संशय आधी घ्या.

घरातली ट्रंक, देव्हारा आणि भांडी

ट्रंक सगळेच बघतात, पण काय बघायचं ते माहिती नसतं. लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, जुनी रेशनकार्डं, सोसायटीची पासबुकं, फोटोच्या चौकटीचा मागचा पुठ्ठा. जन्मपत्रिकेत शके असतं त्यात ७८ मिळवा, शके १८५५ म्हणजे १९३३ साल (जानेवारी ते गुढीपाडवा यातला जन्म असेल तर ७९). फसली साल (महसुलाचं जुनं वर्ष) असेल तर ५९० मिळवा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ५९१ येतं. आणि खूप जुन्या कागदावर "सबैन मया व अलफ" असलं काही दिसलं तर ते कुणाचं नाव नाही, ते सुहूर सन आहे, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली वर्षं मोजायची पद्धत, अक्षरात लिहिलेलं. सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७०, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे १७६९-७०. एका घरानं ते मूळ पुरुषाचं नाव म्हणून फॉर्ममध्ये भरलं होतं, त्यात त्यांची काही चूक नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

भांडी मात्र कुणी बघत नाही आणि माझं स्वतःचं कोडं भांड्यानंच सुटलं. आमच्या माहेरच्या वंशावळीत पणजोबा रामा आणि त्यांचे वडील कृष्णा, असं दोन वर्षं लिहिलेलं होतं, कारण जुन्या फेरफारावर (जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद) तसं दिसत होतं. मग आत्याच्या घरी पाणी तापवायच्या चुलीशेजारी एक तांब्याची घागर, काळी ठिक्कर पडलेली. आत्या म्हणाली ही आमच्या आजाच्या लग्नातली. चिंच आणि मीठ लावून दोघींनी घासली तेव्हा गळ्याखाली ठिपक्या ठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं वर आली, "रामा सिदू" आणि खाली गावाचं नाव. कृष्णा नव्हेच. मी आत्याला विचारलं मग कृष्णा कोण गं, तर ती शांतपणे म्हणाली, "कृष्णा म्हणजे थोरला चुलता, आजाचा बाप लवकर गेल्ता न्हवं, त्यानंच पोरांना सांभाळलं."

परत जाऊन फेरफार नीट वाचला तर तिथे लिहिलेलं होतं, रामा, मग बारीक अक्षरात अ.पा.क., मग कृष्णा. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. म्हणजे मूल सज्ञान नाही, सांभाळणारा हा. आम्ही पालनकर्त्यालाच बाप करून टाकलेलं. हे किती घरांत झालंय म्हणून सांगू! त्यामुळे जुन्या नोंदीतली ही आखूड अक्षरं आधी पाठ करा:

अ.पा.क. म्हणजे वर सांगितलं ते. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे नाव एका भावाचं पण जमीन सगळ्या भावांची, तुमचे आजोबा "गायब" असतील तर ते बहुतेक या तीन अक्षरांच्या मागे लपलेत. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. कोम म्हणजे अमक्याची बायको, तिच्या पुढचं नाव नवऱ्याचं असतं, बापाचं नाही. आणि कन्नड उताऱ्यात तंदे दिसलं तर वडील.

घरातल्या लग्न होऊन गेलेल्या मुलींना विचारा

पुरुषांना विचारलं की जमिनीचं सांगतात. आत्या, आजीच्या बहिणी, चुलत आत्या यांना माणसं आठवतात, कोण कुणाच्या मांडीवर वाढलं, कोण कुठल्या साथीत गेलं, कुणाचं दुसरं लग्न. शिवाय त्या लहान वयात माहेर सोडून गेल्या म्हणून त्यांच्या डोक्यातलं माहेर जुनंच्या जुनं राहिलेलं असतं. थेट "पणजोबांच्या वडिलांचं नाव काय" विचारू नका, माहिती नसेल तर त्या गप्प होतात, त्यांना वाईट वाटतं. असं विचारा: आपल्याकडे सुतक कुणाकुणाचं यायचं? दहा दिवस कुणासाठी पाळलेलं आठवतंय? देवाला जाताना गाडी कुठे थांबायची, आधी कुणाच्या घरचा नैवेद्य? लग्नात देवक कसलं?

सुतकाचा प्रश्न फार मोलाचा आहे. आडनाव वेगळं, गाव वेगळं, तरी दहा दिवसांचं सुतक येत असेल तर ती भावकी. आणि आडनाव तेच, पण सुतक नाही, तर नुसतं आडनाव जुळतंय, रक्त नाही. पाटील, देसाई, नाईक, कुलकर्णी ही मुळात पदं, त्यावरून कुळ ठरवायला गेलात तर सगळं बेळगाव तुमची भावकी होईल. आणि अमुकगावकर हे आडनाव बऱ्याचदा गाव सोडल्यावर लागतं, म्हणजे त्या गावात असताना ते आडनाव नसणारच, तिथल्या जुन्या नोंदीत शोधून उपयोग नाही.

फोनवर रेकॉर्ड करा, पण विचारून. जेवणानंतर बसा. घाई करू नका.

शाळेचं जनरल रजिस्टर

जुनी सरकारी मराठी शाळा असेल तर तिथल्या हेडमास्तरांना अर्ज द्या, जनरल रजिस्टरचा उतारा मागा. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मगाव, कुठल्या शाळेतून आला हे सगळं एका ओळीत मिळतं. जन्मतारखेवर मात्र जीव टाकू नका, १ जून ही तारीख मास्तरांनी शाळेत घालण्यापुरती लावलेली असते. आजोबांची सापडली नाही तर आजोबांच्या धाकट्या भावाची शोधा, थोरला शेतावर राहिला आणि धाकटा शाळेत गेला असं फार होतं. भावाच्या नोंदीवरून बापाचं नाव मिळालं तरी कडी जुळते.

घरात कुणी पलटणीत होतं का तेही बघा. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र इथेच असल्यामुळे आपल्या भागात जवळजवळ प्रत्येक भावकीत एक तरी शिपाई निघतो. डिस्चार्ज बुकात बापाचं नाव, गाव, तालुका आणि वारस असतो. आणि पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात कुणी परत आलं नसेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत इंटरनेटवर फुकट शोधता येतं, बऱ्याच नावांपुढे बापाचं नाव आणि गावही दिलेलं आहे. इंग्रजी स्पेलिंग पाच-सहा प्रकारांनी टाकून बघा. एका काकांना त्यांच्या हरवलेल्या चुलत आज्याचं नाव तिथे सापडलं, बापाच्या नावासकट, आणि ते फोनवर रडायला लागले. वंशावळीची कडी जुळली ती वेगळीच.

नाव कन्नडात कसं झालं असेल

इथून पुढे कचेरी येते, म्हणून आधी हे. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्यानंतर कागद हळूहळू कन्नडात झाले. लिहिणाऱ्यानं ऐकलं तसं लिहिलं. घाडी चं गाडी, भरमा चा बरमा, धामणेकर चं दामणेकर. मारुतीचा मारुतेप्पा, यल्लोजीचा यल्लाप्पा. आडनाव गाळून नुसतं नाव आणि बापाचं नाव. मग तुम्ही मराठी स्पेलिंगनं यादीत शोधता आणि नाही म्हणून परत येता. आपल्या प्रत्येक पूर्वजाच्या नावाची चार-पाच रूपं कागदावर लिहून नेत जा, कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याला सोबत न्या. आमच्या गल्लीतले एक कन्नड मास्तर माझ्यासोबत किती वेळा तालुक्याला आलेत, त्यांच्याशिवाय माझं अर्धं काम झालं नसतं.

जमिनीचे कागद, उलटे चालत

आता पैसे आणि हेलपाटे सुरू. नावानं शोधू नका, सर्व्हे नंबरनं शोधा. नाव बदलतं, सर्व्हे नंबर त्या मानानं टिकतो. कर्नाटक सरकारच्या जमीन नोंदींच्या "भूमी" साईटवर जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्याखालचा गावांचा गट), गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा टाकला की आजची पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा दिसतो. त्यावर एम.आर. नंबर असतो, तो ही नोंद कुठल्या फेरफारानं झाली त्याचा. तो फेरफार काढा, त्यात आधीचं नाव, मग त्या आधीचा फेरफार. असं एकेक पायरी मागे. वारसा लागलेला फेरफार म्हणजे सोनं, कारण त्यात कोण वारलं, केव्हा वारलं, मागे कोण कोण हे सगळं येतं. हाताने लिहिलेल्या जुन्या पहाण्या आणि फेरफार तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधून अर्ज करून मिळतात, फी किरकोळ असते, खरा खर्च वेळेचा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे अशा नोंदींची साखळी साधारण तिथवरच मागे जाते. त्याच्या पलीकडे वेगळे कागद लागतात.

मध्येच सर्व्हे नंबरच बदललेला दिसला तर घाबरू नका, वाटणीत फोडी झाली असेल. कमी जास्त पत्रक आणि आकारबंद मागा, हे मराठी शब्द आपल्याकडच्या कन्नड कचेऱ्यांतही अजून तेच आहेत. त्यावरून कुठला नंबर कशात गेला ते कळतं.

जमीन कुळाची असेल तर मालकाच्या रकान्यात जुन्या काळी तुमचं नाव मिळणारच नाही, तिथे जमीनदार असणार. पहाणीत नऊ नंबरचा रकाना मालकाचा आणि बारा नंबरचा कसणाऱ्याचा, तुमचा पणजोबा बारामध्ये शोधा. १९७४ नंतर कसेल त्याची जमीन झाली तेव्हा सात नंबरचा फॉर्म भरून लँड ट्रिब्युनलकडे अर्ज केलेले, त्या फायलीत जबान्या असतात, आमचा आजा कसत होता, मग बाप, मग मी, असं त्यांच्या तोंडचं. माझ्या मते गरीब घराची वंशावळ याच्याइतकी चांगली दुसरीकडे कुठे सापडत नाही.

पाटीलकी, कुलकर्णीपण किंवा दुसरं गावकामगार वतन असेल तर ते काम सोपं जातं. वतन वारसानं चालायचं म्हणून सरकारनंच वंशावळ लिहून घेतलेली. १८७४ च्या वतन कायद्याखालच्या नोंदी आणि नंतर वतनं खालसा झाली (कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं, बाकीची गावकामगारांची १९६१ च्या) तेव्हाच्या जमीन परत मिळण्याच्या फायली, दोन्ही मागा.

गाव तेव्हा कुणाच्या राज्यात होतं?

"तुमच्या गावचं जुनं काही नाही" या उत्तराचं कारण बहुतेक वेळा हेच. आज सगळं बेळगाव जिल्हा दिसतं, पण १९४८-४९ च्या आधी मध्येमध्ये संस्थानं होती. शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचं. आज शहापूर आणि बेळगाव यात फरक करता येत नाही, पण कागदाच्या दृष्टीनं ते वेगळं राज्य होतं. रायबाग कोल्हापूरचं. रामदुर्ग स्वतःच संस्थान. खाली बागलकोटकडे गेलात तर जमखंडी आणि मुधोळ. अशा गावचा त्या आधीचा कागद बेळगावच्या जिल्हा कचेरीत शोधून कसा मिळणार, तो त्या त्या संस्थानाच्या दफ्तरात, म्हणजे कोल्हापूरचं असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात विचारायचं.

आणि याच्या उलटंही आहे. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता आणि मग कोल्हापूरला गेला. बेळगावात राहणाऱ्या कितीतरी घरांचं मूळ गाव चंदगडात, त्यांना दोन्हीकडे शोधावं लागतं. अजून मागे जायचं तर बेळगाव जिल्हाच १८३६ चा, त्याआधी १८१८ पासून हा भाग धारवाडच्या कलेक्टरीत होता. गाव कुठल्या हद्दीत होतं ते बघायला १८८४ चं बेळगावचं गॅझेटिअर आहे, इंटरनेटवर स्कॅन मिळतं, शेवटी गावांची माहिती आहे. पेशवाईतले आणि इनामांचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात. पण तिथे धडकायच्या आधी खालच्या पायऱ्या झालेल्या हव्यात, नाहीतर तिथे जाऊन काय मागायचं तेच सांगता येत नाही.

हेळवी

ज्यांच्याकडे जमीन नाही, शाळा नाही, त्यांच्यासाठी आणि खरंतर सगळ्यांसाठीच. हेळवी म्हणजे आपल्या भागात घराघराची वंशावळ सांगत फिरणारे, सुगी झाली की येतात. पूर्वी बैलावरून यायचे, घंटा वाजली की पोरं धावायची. मी लहानपणी मामाच्या दारात पाहिलंय, त्यानं आधी मागच्या खेपेनंतर कोण जन्मलं कोण गेलं ते विचारून वहीत घातलं, मग डोळे मिटून मूळ गावापासून नावं म्हणायला लागला, न अडखळता, आणि मामा हात जोडून उभा. शेवटचं नाव माझ्या आठ दिवसांच्या मामेभावाचं होतं. सुपातून जोंधळे आणि वर एक धोतर दिलेलं आठवतं.

तुमच्या घराचा हेळवी कोण ते भावकीतल्या सगळ्यात थोरल्या घरात विचारा, कारण तो तिथे आधी जातो. तो आला की जेवू घाला, त्याचा मान द्या, मग वहीतलं तुमचं पान बघायला मागा आणि परवानगीनं फोटो घ्या. आपण बंद केलं तर ती माणसं येणं बंद करतात, त्यांची पुढची पिढी दुसऱ्या कामाला लागते आणि वही कुठेतरी माळ्यावर पडते. ज्यांच्याकडे अजून येतात त्यांनी यंदाच्या यंदा हे करावं, हात जोडून सांगते.

पण हेळव्यानं सांगितलं म्हणून लगेच सिद्ध झालं असं धरू नका. खालच्या चार-पाच पिढ्या तुमच्या कागदांशी ताडून बघा, त्या जुळल्या तर वरच्यांवर भरवसा ठेवायला आधार मिळतो. बायकांची नावं त्यात फारशी नसतात, ती आत्यांकडून घेऊन तुम्ही भरा. आमच्या मंडळाच्या फॉर्मात आता मुलींचा रकाना मुलांइतकाच मोठा आहे आणि त्यासाठी मी भांडलेय.

तसंच नाशिक, त्र्यंबकेश्वर, हरिद्वारच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या. घरातलं कुणी तिकडे पिंडदानाला, कुंभाला गेलं असेल तर नाव घातलेलं असणार, कधी त्यांच्या स्वतःच्या सहीचं. मूळ गावाच्या नावावर वही शोधतात, म्हणून मूळ गाव पक्कं करून जा. दक्षिणा आधी ठरवा.

दोन बाप, दोन कुलदैवतं

इथे दत्तक किंवा घरजावई असतो. दत्तक गेलेल्या मुलाचं जमिनीवर नाव एका बापाचं आणि आत्याच्या तोंडी दुसऱ्याचं, दोन्ही खरं. दत्तकपत्र नोंदवलेलं असेल तर सब-रजिस्ट्रारकडे नकल मिळते. फॉर्ममध्ये दोन्ही रेषा दाखवा आणि कुठली जन्माची, कुठली दत्तकाची ते स्पष्ट लिहा, आमच्यासारखं मंडळ त्यावर फॉर्म नाकारत नाही, लपवलं तर मात्र पुढच्या पिढीचा फॉर्म नक्की अडकतो. घरजावई असेल तर कुलदैवत बघा, सासरच्या जमिनीवर राहून माणूस देव आपलाच पुजतो, म्हणजे शेजारचे सगळे एका देवाला आणि हे एकच घर मंगसुळीच्या खंडोबाला जात असेल तर ते घर बाहेरून आलंय.

काही घरांत बापाच्या जागी आईचंच नाव लागलेलं सापडतं. तिथे बाप शोधून चिकटवू नका. ती आई त्या घराची मूळ व्यक्ती, तिच्यापासून वंशावळ लिहा.

इथे थांबा आणि जाणकार माणसाला बोलवा

मोडी दिसली की थांबा. मोडीत रेघ आधी आखतात आणि अक्षरं सलग लिहितात, शब्द कुठे तुटतो ते सरावाशिवाय कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घही वेगळं नसतं. मी स्वतः मोडी शिकायला लागल्यावर एका पानावर गावाचं नाव चुकीच्या जागी तोडलं आणि सहा महिने भलत्याच गावात फिरले. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, विद्यापीठांचे मोडी वर्ग, पुराभिलेखागारं इथे वाचून देणारी माणसं भेटतात. पाठवताना दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता, पूर्ण पानाचा आणि मग जवळून असे फोटो पाठवा. आणि कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, सुती कापडात सपाट ठेवा.

भावकीतल्या कुणी "या वंशावळीवर जरा सही कर" म्हटलं की थांबा, वकिलाला दाखवा. कुलमंडळाची वंशावळ वेगळी आणि नाडकचेरीतून (होबळीची महसूल कचेरी) वारसासाठी काढतात तो वंशवृक्ष वेगळा. दुसऱ्यात एक नाव सुटलं तर कुणाचा तरी हिस्सा जातो. जमिनीचा वाद आधीच कोर्टात असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय जुने फेरफार कुणाला फॉरवर्डसुद्धा करू नका.

नावात फरक आहे एवढंच असेल तर नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र पुरतं, त्यासाठी मोठा वकील लागत नाही.

चौदा पिढ्या आणि राजघराण्याशी नातं काढून देतो म्हणणारा भेटला तर पैसे देऊ नका. त्याचा कागद जुना दिसेल, पण त्यावर कचेरीचा नंबर विचारा, दफ्तर कुठलं, रुमाल (कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं) कितवा. नंबर नसेल तर तो कागद आम्ही घेत नाही, कितीही सुंदर अक्षर असो. डीएनए टेस्टचंही विचारतात लोक. दोन घरं एका पुरुषाची आहेत का याचा अंदाज त्यातून येतो, नाव येत नाही, खर्च मोठा, आणि घरात कुणाला नको असलेलं काही निघू शकतं, म्हणून सगळं संपल्यावर आणि घरच्यांना विचारूनच.

आणि हे सगळं करूनही एखादी कडी जुळली नाही तर अंदाजानं भरू नका. त्या दोन नावांमध्ये तुटक रेघ काढा आणि खाली लिहा, काय काय तपासलं, कुठल्या तारखेला, कुठे काय उत्तर मिळालं. तुटक रेघ असलेला फॉर्म आम्ही घेतो, जिथवर सिद्ध झालं तिथवरचं सभासदत्व मिळतं. पुढे कुणाच्या ट्रंकेत काही सापडलं की ती रेघ सरळ करता येते, खोटं नाव भरलेलं असेल तर ते खोडायला माणूस तयार होत नाही. पाठवताना फॉर्मसोबत मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या, आणि प्रत्येक झेरॉक्सच्या मागे पेन्सिलीनं लिहा ही कुठल्या दोन नावांमधली कडी आहे.